अहवालात अ‍ॅडिनोव्हायरस आला, पण आजार त्याचाच आहे का?

खोकला, ताप आणि धाप घेऊन एखादं मूल रुग्णालयात दाखल होतं. नाकाघशातून स्वॅब घेतला जातो आणि एकाच नमुन्यात पंधरा-वीस जंतू शोधणारी पीसीआर चाचणी केली जाते. अहवालात बाकी सगळ्या नावांपुढे ‘आढळला नाही’ आणि अ‍ॅडिनोव्हायरसपुढे ‘आढळला’. घरच्यांना वाटतं, निदान तर झालं. खरं तर अवघड काम इथूनच सुरू होतं.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू आजारी माणसात सापडला, तर आजार त्याचाच आहे असं बहुतेक वेळा बिनधास्त म्हणता येतं. अ‍ॅडिनोव्हायरसबद्दल तसं म्हणता येत नाही. तो आजार घडवतो, कधी जीवही घेतो. पण आजार बरा झाल्यावर तो महिनोन्‌महिने शरीरात मुक्काम करतो आणि अधूनमधून नाकातून, घशातून, शौचातून बाहेर पडत राहतो. म्हणजे आज सापडलेला विषाणू आजच्या न्यूमोनियाचा असेल किंवा चार महिन्यांपूर्वीच्या साध्या सर्दीचा. रुग्णालयातल्या अ‍ॅडिनोव्हायरसची कोणतीही आकडेवारी वाचताना ही गोष्ट मनाशी पक्की ठेवावी लागते. ती सुटली की उगाच घबराट तरी होते, नाहीतर खरा धोका नजरेतून निसटतो.

या विषाणूचा शोधच मुळात या दुहेरी स्वभावातून लागला. १९५३ साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांचे सहकारी मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या) ग्रंथींच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत होते. बाहेरून कोणताही जंतू घातलेला नसताना काही दिवसांनी त्या पेशी आपोआप नष्ट होऊ लागल्या. ग्रंथींमध्ये एक विषाणू गुपचूप दडून बसला होता. जवळपास त्याच सुमारास मॉरिस हिलमन आणि जे. एच. वर्नर यांना मिझुरी राज्यातल्या एका लष्करी तळावर, तापाने आणि खोकल्याने बेजार झालेल्या नव्या सैनिकांमध्ये त्याच कुळातला विषाणू मिळाला. एकीकडे शांतपणे राहणारा आणि दुसरीकडे बराकीच्या बराकी आजारी पाडणारा, असा हा एकाच कुळातला प्रकार होता.

कुळ म्हणायचं, कारण अ‍ॅडिनोव्हायरस हा एक विषाणू नाही. प्रतिपिंडांच्या आधारे पूर्वी त्याचे ५१ प्रकार ओळखले गेले होते. जनुकीय रचना वाचता येऊ लागल्यापासून ही संख्या १०० च्या पुढे गेली आहे. त्यांची ए ते जी अशा सात प्रजातींमध्ये विभागणी करतात आणि प्रत्येक प्रजातीचा शरीरातला आवडता भाग वेगळा असतो. एफ प्रजातीतले ४० आणि ४१ हे प्रकार लहान मुलांना जुलाब लावतात. डी प्रजातीतले ८ आणि ३७ सारखे प्रकार डोळ्यांच्या तीव्र साथी आणतात. श्वसनमार्गाच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते बी, सी आणि ई या तीन प्रजातींवर.

यातही फरक मोठा आहे. सी प्रजातीचे १, २, ५ आणि ६ हे प्रकार जवळजवळ प्रत्येकाला बालपणीच भेटून जातात. टॉन्सिलमध्ये आणि आतड्यात दीर्घकाळ राहणारे मुख्यतः हेच. बी प्रजातीतले ३, ७, १४, २१ आणि ५५, तसेच ई प्रजातीतला ४ हे प्रकार साथी घडवतात, आणि त्यातही प्रकार ७ तीव्र न्यूमोनियासाठी कुप्रसिद्ध आहे. त्यामुळे ‘अ‍ॅडिनोव्हायरस आढळला’ एवढंच लिहिलेल्या अहवालात दोन अगदी वेगळ्या शक्यता एकाच नावाखाली येतात. माझ्या मते ही या चाचण्यांची सर्वांत मोठी उणीव आहे. प्रकार ओळखण्यासाठी विषाणूच्या जनुकाचा काही भाग वाचावा लागतो. ते काम नेहमीच्या चाचणीत होत नाही.

हा विषाणू बालपणीच सर्वांना भेटतो याचा एक परिणाम कोविडच्या काळात दिसला. लशीसाठी वाहक म्हणून, म्हणजे लशीतला जनुकीय मजकूर पेशींपर्यंत पोहोचवण्यासाठी, अ‍ॅडिनोव्हायरस वापरायचा, तर बहुतेकांच्या रक्तात माणसांतल्या सामान्य प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असतात आणि ती वाहकालाच अडवू शकतात. म्हणून ऑक्सफर्डच्या लशीसाठी, म्हणजे आपण जिला कोविशील्ड म्हणून ओळखतो तिच्यासाठी, चिंपांझीतला अ‍ॅडिनोव्हायरस निवडला गेला. त्याची वाढण्याची क्षमता काढून टाकलेली होती.

आता रुग्णालयातल्या आकड्यांकडे येऊ. मुलांमधल्या तापासह येणाऱ्या श्वसनसंसर्गांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांमध्ये अ‍ॅडिनोव्हायरसचा हात असतो असं वैद्यकीय साहित्यात मांडलं जातं. प्रौढांमध्ये हे प्रमाण १ ते ७ टक्के सांगतात. न्यूमोनियामुळे दाखल झालेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतल्या मेम्फिस, नॅशव्हिल आणि सॉल्ट लेक सिटी या शहरांमध्ये २०१० ते २०१२ या काळात झाला. ज्यांच्या क्ष-किरण तपासणीत न्यूमोनिया दिसला आणि ज्यांचे नमुने मिळाले अशा २,२२२ मुलांपैकी ११ टक्क्यांमध्ये अ‍ॅडिनोव्हायरस सापडला. पण या सरासरीत खरी बातमी हरवते. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं आणि त्याहून मोठ्या मुलांमध्ये फक्त ३ टक्के. अ‍ॅडिनोव्हायरसमुळे श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात येणारं मूल बहुधा अगदी लहान असतं. सहा महिने ते दोन-तीन वर्षं हा काळ नाजूक असतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरलेली असतात आणि स्वतःची अजून तयार झालेली नसतात.

या मुलांचा ताप अनेकदा चांगलाच चढतो आणि पाच-सहा दिवस, कधी त्याहून जास्त टिकतो. रक्तातलं सीआरपीचं, म्हणजे शरीरात दाह असला की वाढणाऱ्या प्रथिनाचं, प्रमाण आणि पांढऱ्या पेशींची संख्या इतकी वाढते की चित्र जिवाणूंच्या संसर्गासारखं दिसतं. अँटिबायोटिक सुरू होतात, ताप उतरत नाही, मग औषधं बदलली जातात. अशा वेळी अ‍ॅडिनोव्हायरसचं नाव हाती असणं खरोखर उपयोगाचं असतं, कारण त्यामुळे अनावश्यक औषधं थांबवण्याचा विचार करता येतो. अर्थात, तो खरा कारणीभूत असेल तर.

टक्केवारीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. समजा, एका रुग्णालयात श्वसनविकाराने दाखल झालेल्या सर्व १,००० मुलांचे स्वॅब घेतले आणि ६० जणांमध्ये अ‍ॅडिनोव्हायरस मिळाला. प्रमाण झालं ६ टक्के. दुसऱ्या रुग्णालयात फक्त अतिदक्षता विभागातल्या १०० मुलांची चाचणी झाली आणि १५ जणांमध्ये मिळाला. प्रमाण १५ टक्के. दुसऱ्या ठिकाणी साथ जास्त आहे का? या आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही. तपासलेली मुलंच वेगळी आहेत, त्यामुळे दोन टक्केवारींची तुलनाच होऊ शकत नाही. तसंच, एखाद्या रुग्णालयात जुन्या पद्धतीच्या जागी पीसीआर आली की अ‍ॅडिनोव्हायरसचे रुग्ण अचानक वाढलेले दिसतात. विषाणू तेवढाच असतो, आपली नजर तीक्ष्ण झालेली असते. बातमीत ‘दुप्पट वाढ’ वाचली, तर आधी विचारावं की चाचण्या किती केल्या आणि कोणाच्या केल्या.

दुसरा प्रश्न निरोगी लोकांचा. आजारी मुलांमध्ये विषाणू किती सापडतो हे सांगून भागत नाही. त्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या, ठणठणीत मुलांमध्ये तो किती सापडतो हेही पाहावं लागतं. २०११ ते २०१४ या काळात आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांमध्ये मुलांच्या तीव्र न्यूमोनियाचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात हेच केलं होतं. आरएसव्ही हा विषाणू आजारी मुलांमध्ये भरपूर आणि निरोगी मुलांमध्ये क्वचितच मिळाला. त्यामुळे तीव्र न्यूमोनियाच्या सुमारे ३१ टक्के रुग्णांचं कारण तोच, असं अभ्यासकांना ठामपणे मांडता आलं. अ‍ॅडिनोव्हायरस मात्र निरोगी मुलांच्या नाकातही चांगल्यापैकी हजर होता. म्हणून तो नाकात सापडला एवढ्यावरून न्यूमोनियाचा ठपका त्याच्यावर ठेवता येईना.

या घाईचा धोका २०२२ साली जगाने पाहिला. विषय श्वसनाचा नव्हता, तरी तो इथे सांगायलाच हवा. स्कॉटलंडमध्ये आणि मग इतर अनेक देशांमध्ये लहान मुलांना कारण न कळणारी तीव्र यकृतदाहाची बाधा होऊ लागली. त्यातल्या अनेकांच्या रक्तात अ‍ॅडिनोव्हायरस मिळाला आणि जिथे प्रकार ओळखता आला, तिथे तो बहुतेक वेळा ४१ होता. संशयाची सुई साहजिकच त्याच्याकडे वळली. पुढच्या काही महिन्यांत ग्लासगो आणि लंडनमधल्या संशोधकांना या मुलांमध्ये एएव्ही २ नावाचा दुसराच छोटा विषाणू मोठ्या प्रमाणात आढळला. हा विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही, त्याला अ‍ॅडिनोव्हायरससारख्या मदतनीसाची गरज लागते. जी मुलं आजारी पडली, त्यांच्यात एक विशिष्ट जनुकीय ठेवणही जास्त दिसली. म्हणजे अ‍ॅडिनोव्हायरस घटनास्थळी होता, बहुधा त्याचा सहभागही होता, पण एकट्याने सगळं केलं नव्हतं.

मग डॉक्टर ठरवतात कसं? एकच निर्णायक खूण नाही, पुरावे जोडत जावं लागतं. नमुन्यात विषाणू किती प्रमाणात आहे, हे पाहिलं जातं. भरपूर असेल तर तो सध्या वाढतो आहे अशी शक्यता जास्त. मात्र स्वॅब कसा घेतला यावरही हा आकडा हलतो, त्यामुळे त्याला फार चिकटून राहता येत नाही. विषाणू रक्तातही मिळाला, तर संशय बळावतो. फुप्फुसात खोलवरून घेतलेल्या द्रवात मिळाला, तर आणखी. दुसरा कोणताही जंतू सापडलेला नसणं, आजाराचं चित्र जुळणं, आणि मिळालेला प्रकार बी किंवा ई प्रजातीतला असणं, हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवू लागलं की मग निदानात जीव येतो.

रुग्णालयाच्या आतला प्रसार हा या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. कोरोना आणि इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं. साबण आणि अल्कोहोल ते विस्कटतात, आणि विषाणू निकामी होतो. अ‍ॅडिनोव्हायरसला हे आवरणच नाही, नुसतं प्रथिनांचं टणक कवच आहे. त्यामुळे अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्याच्यावर पुरेसं काम करेल याची खात्री देता येत नाही. साबण-पाण्याने नीट चोळून हात धुतले तर तो निदान वाहून जातो. पृष्ठभागांसाठी सोडियम हायपोक्लोराइटसारखी, या जातीच्या विषाणूंवर चालणारी रसायनं लागतात. पलंगाचे कठडे, मॉनिटरची बटणं, खेळणी, उपकरणं अशा कोरड्या जागांवर तो काही आठवडेही तग धरू शकतो. कोविडनंतर हातावर सॅनिटायझर घेण्याची चांगली सवय सर्वांना लागली आहे, पण अ‍ॅडिनोव्हायरसच्या वॉर्डात तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

फिलाडेल्फियातल्या एका नवजात अतिदक्षता विभागात २०१६ साली जे घडलं, ते यासाठी प्रत्येक परिचारिकेला आणि डॉक्टरला माहीत असावं असं मला वाटतं. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांचा डोळ्यांचा पडदा नीट वाढतो आहे ना, हे पाहण्यासाठी त्यांची नियमित नेत्रतपासणी करावी लागते. त्यांची दृष्टी वाचवण्यासाठी ही तपासणी आवश्यकच आहे. त्या विभागात अशी तपासणी झालेल्या २३ बाळांना अ‍ॅडिनोव्हायरसची लागण झाली. सर्वांना श्वसनाची लक्षणं आली, काहींना न्यूमोनिया झाला आणि चार बाळं दगावली. शोध घेतल्यावर विषाणूचे अंश डॉक्टरांच्या तपासणी उपकरणांवर मिळाले. उपकरणं प्रत्येक बाळानंतर स्वच्छ करण्याची ठरलेली पद्धत नव्हती आणि हातमोज्यांचा वापर तोकडा होता. श्वसनाच्या साथीचं मूळ नेत्रतपासणीत असेल, असं सहज कोणाच्या मनात येणार नाही. पण डोळ्यातला स्राव अश्रुमार्गाने नाकात उतरतो आणि या विषाणूला तेवढी वाट पुरते.

दोन वर्षांनी, २०१८ च्या शरद ऋतूत, न्यू जर्सीतल्या वानाक इथल्या एका दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात प्रकार ७ पसरला. तिथली मुलं आधीच गंभीर आजारांनी ग्रासलेली होती, कित्येकांचा श्वास यंत्रावर चालत होता. ३६ जण आजारी पडले, त्यांपैकी ११ मुलांचा मृत्यू झाला. ज्या विषाणूने एरवी धडधाकट मुलाला आठवडाभर तापाने हैराण करून सोडलं असतं, त्याच विषाणूने इथे जवळपास तिसरा हिस्सा रुग्णांचे प्राण घेतले. ‘या विषाणूचा मृत्युदर किती?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. विषाणू कोणत्या शरीरात शिरला, हे सांगितल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

लागण रुग्णालयात झाली की बाहेरून आली, हे ठरवणंही इथे किचकट होतं. रुग्णालयातल्या जिवाणूसंसर्गांसाठी एक ढोबळ नियम वापरतात. दाखल झाल्यानंतर ४८ तासांनी लक्षणं दिसली, तर संसर्ग रुग्णालयातला. अ‍ॅडिनोव्हायरस शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात, श्वसनाच्या आजारात बहुधा पाच-सहा. म्हणजे चौथ्या दिवशी ताप आलेल्या मुलाने हा विषाणू घरून आणला असेल किंवा शेजारच्या खाटेवरून घेतला असेल. ४८ तासांचा नियम लावला तर रुग्णालयाच्या माथी नसलेला दोष येतो. १४ दिवसांचा लावला तर आतला खरा प्रसार नोंदीतून गळतो. दोन-चार रुग्णांमधल्या विषाणूंची संपूर्ण जनुकीय रचना शेजारी ठेवून पाहिली, तरच साखळी जुळते की नाही ते कळतं.

प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांमध्ये हा गुंता आणखी वाढतो. दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तजनक पेशींचं प्रत्यारोपण झालेल्या, म्हणजे बोलीभाषेत बोन मॅरो बदललेल्या रुग्णाची, विशेषतः लहान मुलाची, टी-पेशींची, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, फौज काही महिने जवळपास नसतेच. अशा वेळी आतड्यात दडलेला त्याचा स्वतःचाच सी प्रजातीचा विषाणू डोकं वर काढतो. आधी शौचात वाढतो, मग रक्तात येतो, मग फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंड असा पसरतो. शरीरभर पसरलेल्या आजारात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. प्रत्यारोपणानंतर तिसाव्या दिवशी हा विषाणू मिळाला, तर नोंदवहीत तो रुग्णालयातला संसर्ग वाटेल, पण तो बाहेरून आलेलाच नसतो. म्हणून अनेक केंद्रांमध्ये अशा मुलांच्या रक्ताची दर आठवड्याला पीसीआर चाचणी करतात आणि विषाणूचं प्रमाण चढताना दिसलं की लक्षणांची वाट न पाहता उपचाराचा निर्णय घेतात. सिडोफोव्हिर हे औषध वापरलं जातं, पण ते मूत्रपिंडांना इजा करू शकतं. निरोगी दात्याच्या, याच विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी देण्याचे प्रयत्न काही ठिकाणी आशादायक ठरले आहेत. बाकी धडधाकट रुग्णांना विशिष्ट औषध लागत नाही. ऑक्सिजन, द्रवपदार्थ आणि नीट लक्ष एवढ्यावर ते बरे होतात.

सगळेच पूर्ण बरे होतात असं मात्र नाही. अर्जेंटिना आणि चिली या देशांमध्ये प्रकार ७ च्या तीव्र न्यूमोनियातून वाचलेल्या अनेक लहान मुलांच्या सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या बुजून गेल्या. या मुलांना वर्षानुवर्षं धाप लागते, पुन्हा पुन्हा रुग्णालयात यावं लागतं. घरी सोडलेला प्रत्येक रुग्ण नोंदीत ‘बरा झाला’ म्हणून जातो. त्यामुळे आजाराचं हे ओझं साथीच्या आकड्यांत दिसतच नाही, आणि ते दिसायला हवं असं मला फार वाटतं.

ऋतूचं म्हणाल, तर इन्फ्लुएन्झासारखा ठरलेला हंगाम याला नाही. वर्षभर तो थोडाथोडा सापडत राहतो. म्हणून दाखल होणाऱ्यांचा आकडा अचानक उसळला, तर एखादा वेगळा प्रकार शिरला आहे का हे लगेच पाहिलं पाहिजे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम बंगालमध्ये लहान मुलांचे वॉर्ड भरून गेले, तेव्हा कोलकात्यातल्या संशोधकांना प्रकार ७ आणि ३ यांच्या मिश्रणातून तयार झालेला विषाणू आढळला. हे कळलं ते प्रकार तपासला म्हणून.

स्वॅबने जो कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तो एका लशीने मात्र लख्ख दाखवून दिला. अमेरिकी लष्करात १९७१ पासून नव्या सैनिकांना प्रकार ४ आणि ७ विरुद्ध गोळ्या देत असत. गोळीत जिवंत विषाणू असतो. तो पोटातून सुखरूप पुढे जाऊन आतड्यात वाढतो, फुप्फुसांना त्रास न देता प्रतिकारशक्ती तयार करतो. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं, १९९९ पर्यंत साठा संपला आणि प्रशिक्षण तळांवर तापाच्या साथी परतल्या, काही तरुण सैनिक दगावले. ऑक्टोबर २०११ मध्ये लस पुन्हा सुरू झाली आणि अ‍ॅडिनोव्हायरसचे रुग्ण साधारण शंभरपटीने घटले. ही लस रुग्णालयातल्या मुलांना का देत नाहीत, हा प्रश्न इथे कोणीही विचारेल. तिला मंजुरी फक्त १७ ते ५० वयाच्या लष्करी लोकांसाठी आहे. मुलांमध्ये सतत दिसणाऱ्या १, २ आणि ५ या प्रकारांविरुद्ध ती बनवलेलीच नाही. शिवाय लस घेतलेल्याच्या शौचातून जिवंत विषाणू सुमारे चार आठवडे बाहेर पडत राहतो, आणि ज्या वॉर्डात प्रत्यारोपण झालेली मुलं झोपलेली असतात तिथे तोच धोका ठरू शकतो.